पासंग

लोको शेडमध्ये एकोणचाळीस वर्षं लेथवर उभा होतो.
म्हणून शकू विचारते, "एवढंसं चाक, बोराएवढं,
ते तुम्हाला कातता येत नाही?"
येतं.
तेच तर तिला सांगता येत नाही.

इंजिन किल्लीचं, पत्र्याचं, हिरवं.
डेस्मंड ड्रायव्हर चौसष्ट साली पर्थला निघाला
तेव्हा त्याच्या फायरमनला, म्हणजे माझ्या बापाला, देऊन गेला
बिस्किटांच्या डब्यात, अर्ध्याच रुळांसकट.
पुढचं डावं चाक तेव्हाही नव्हतं.
बाप म्हणायचा, साहेबाचं इंजिन साहेबासारखंच,
एका अंगाला कललेलं, शनिवार असो नसो.

रिटायर झालो आणि शोधायला लागलो.
भुसावळचा रविवारचा बाजार उकिडवा बसून पाहिला,
तोट्यांच्या, कुलपांच्या, जोडी हरवलेल्या बिजागऱ्यांच्या ढिगात.
धुळ्याच्या हकीमुद्दीन घड्याळवाल्यानं स्प्रिंग दिली,
भिंतीवरच्या मेलेल्या घड्याळातली.
पैसे घेतले नाहीत. "चालली तर कळवा," म्हणाला.
चालली, तोवर तो नव्हता.
किल्ली सापडली चोपड्याला, शिलाई मशीनच्या खणात.
नंदुरबारच्या विसपुत्यांची तीन पोस्टकार्डं आली,
तिन्हींत मजकूर एकच:
कप्लिंग आहे, चाक नाही, प्रकृती कशी आहे.

आणि चाक भेटलं अमळनेरला,
शोधत नव्हतो तेव्हा.
पुतणीचा साखरपुडा आटोपून मिरच्या घ्यायला थांबलो,
तर कौतिकबाईच्या तराजूच्या दांडीला, डावीकडे,
तारेनं आवळलेलं: दहा आरे,
कडेला लाल रंगाची पुसट रेघ.
मी पाव किलो मागितल्या, मग अर्धा, मग किलो,
दांडी हलत राहावी म्हणून.
ते माझ्याच इंजिनाचं असेल असं नाही.
सुरत लाइनवर माणसं कुठंही उतरतात,
चाकंही उतरत असतील.

शेवटी विचारलंच.
"हाई चाक नही शे भाऊ," ती म्हणाली, "पासंग शे.
मना सासराना येळपाईन.
तितलंच वजन दे, मंग लई जाय."

हातात देईना. दुकानावर गोणपाट टाकून
स्वतः आली माझ्यासोबत सराफाकडे,
चाक मुठीत धरून.
सव्वा तोळा, वर दोन गुंजा.
सराफ हसला, तिनं हसू दिलं नाही.

मग मी पितळेचं चाक कातलं,
मोहाडीकरांच्या कारखान्यात, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत.
आरे सोडले नाहीत, दहाचे दहा. कुणी मागितले नव्हते.
पहिलं गुंजभर जड झालं. दुसरं हलकं.
तिसऱ्याला कानशीनं इतकं थोडं थोडं घासलं
की शेडमध्ये कुठल्या खऱ्या इंजिनालाही
एवढं सांभाळलं नव्हतं.

कौतिकबाईनं ते दांडीला बांधलं.
रिकामी पारडी डुलली, डुलली,
आणि दोन बहिणी एका बाकावर बसाव्यात तशी थांबली.
तिनं उजव्या पारड्यात एकच मिरची ठेवली.
पारडं जरासं खाली गेलं.
"हं," म्हणाली,
आणि जुनं चाक माझ्या तळहातावर ठेवलं.

घरी येऊन बसवलं.
तारेनं भोक लांबट झालंय,
त्यामुळे दर फेरीला, स्टुलाच्या पायाशी,
इंजिन टक् करून लंगडतं.
पितळी लंगडलं नसतं.
ते तिकडे मिरच्या तोलतंय, खऱ्या तोलतंय.

बोटांना तिखट आहे हे ध्यानात नव्हतं; डोळा चोळला.
शकू आतून आली, माझ्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं,
रुळावरची मुंगी फुंकून बाजूला केली.
"मिरची गेली डोळ्यात," मी म्हणालो.
"हो का," ती म्हणाली.
"किल्ली द्या इकडे."